भागीचा टीव्ही

सापगावच्या अनंताला देवानं गळा दिला होता, पण त्या गळ्यातून काय बाहेर पडावं याची अट काही घातली नव्हती. शहापूर-मुरबाड पट्ट्यात कबड्डीचे सामने कुठंही असोत, माइक अनंताच्या हातात. चढाईला गेलेला गडी परत येईपर्यंत मैदानातल्या लोकांचा श्वास तो अडकवून ठेवायचा. त्यामुळे शहाण्णव साली निशोका टीव्हीवाल्यांना गावोगाव जीप फिरवून भोंग्यावर जाहिरात करायला माणूस हवा झाला, तेव्हा त्यांना फार शोधाशोध करावी लागली नाही.

निशोका हे नाव ऐकून कोणालाही वाटावं की कंपनी जपानची. वाटावं म्हणूनच तर ते ठेवलं होतं. मालकांचं नाव अशोक, मालकीणबाईंचं निशा, दोन्ही मोडून एकत्र जोडली आणि झाला निशोका. जपानची गोष्ट सोडाच, मालकांनी बोट पाहिली असेल ती भाऊच्या धक्क्यावर. कारखाना होता मुरबाडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये. आत निळे डगले घालून ओळीनं बसायच्या त्या सापगाव, किन्हवली आणि डोळखांबकडच्या बाया. पावसाळ्यात ज्या बोटांनी भाताची आवणी करायची, त्याच बोटांनी त्या टीव्हीच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर तारा जोडायला कथलाचे डाग द्यायच्या, तितक्याच झपाट्यानं आणि तितक्याच सरळ रेषेत. पण खोक्यावर चित्र मात्र उगवत्या लाल सूर्याचं, आणि त्याच्या बाजूला हातात पंखा घेतलेली एक गोरीपान जपानी बाई. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते इथं अक्षरशः खरं होतं.

त्या ओळीच्या अगदी शेवटच्या टेबलावर अनंताची बायको भागी बसायची. तिचं काम डोळ्यांचं. सेट चालू करायचा, चित्र हलत असेल, रंग फाटत असतील तर पाटीवरचा बारीक पेच फिरवून जुळवायचे आणि जुळलं की पेच जागचा हलू नये म्हणून त्यावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा. कंपनीच्या हिशेबानं काम तिथं संपलं. भागीच्या हिशेबानं संपायचं नाही. ती त्या ठिपक्याच्या बाजूला आणखी एक छोटा ठिपका द्यायची. सुपरवायझरनं विचारलं, हा कशाला? ती म्हणाली, तीट. लेकरू पहिल्यांदा घराबाहेर काढताना गालाला लावत नाहीत का, तशी. एवढं चांगलं चित्र आणून द्यायचं आणि परक्याच्या घरी उघडंबोडकं पाठवायचं, तर दृष्ट लागेलच की. सुपरवायझर हसला, रंग फुकट घालवू नकोस म्हणाला आणि पुढं त्यानं लक्ष देणं सोडलं. शेडमधून बाहेर पडलेल्या एकूण एक निशोकाच्या पोटात भागीची तीट होती.

एकदा सुट्टीची वेळ झाली होती, बायांची बस मुरबाडच्या नाक्यावर थांबलेली, आणि समोरून अनंताची जीप आली. भोंग्यातून त्याचा आवाज सगळ्या बाजारावर पसरला: जपानच्या कुशल हातांनी घडवलेला, जपानच्या डोळ्यांखालून तपासलेला. बसमधल्या बाया खदखदून हसल्या. डोळखांबकडची रंगू, जी भागीच्या शेजारच्या टेबलावर बसायची, म्हणाली, "भागे, तुझ्या दादल्यानं तुला पार जपानला धाडली गो."

भागीही हसली. पण ते हसणं घरी पोचेपर्यंत टिकलं नाही. दिवसभर डोळे फोडायचे आपण आणि आयत्या बिळावर नागोबा व्हायचं जपाननं, आणि तेही आपल्याच नवऱ्याच्या तोंडून! तिनं भाकऱ्या थापता थापता अनंताला सांगून टाकलं. तिला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा त्यानं भोंग्यावरून सांगावं, की हा टीव्ही आमच्या मुरबाडला होतो आणि आमच्या बाया तो करतात. तिचं नाव घेतलं नाही तरी चालेल. नाव तर त्यानं जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नात, नणंदांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्यात. त्यानंतर कायमचं 'अगो' नाहीतर 'पंकजची आई'. तीही त्याचं नाव घ्यायची नाही, तो तिचं घ्यायचा नाही, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

अनंता तिला म्हणाला, "येडी का काय तू? मुरबाड बोल्लो तं कुत्रं फिरकायचं नाय जीपकडं."

भागीला ते पटलं नाही. पटलं नाही म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

पौषातल्या पुनवेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरली. जनावरांचा एवढा मोठा बाजार या भागात दुसरा नाही. एका अंगाला बैलांच्या रांगा, दुसऱ्या अंगाला घोंगड्या आणि भांड्यांची दुकानं, आणि त्यांच्याच ओळीत त्या वर्षी निशोकाचा मांडव. जत्रेपायी कारखान्याला सुट्टी होती. भागी रंगूला घेऊन आधी बैलबाजारातून फिरली. तिथं काय चालतं हे ती लहानपणापासून बघत आली होती. घेणारा बैलाचे दात बघतो, वशिंड चाचपतो, पण खरा प्रश्न विचारतो तो एकच: जनावर कुठलं? परमुलखातून आलेलं असलं तर हात आखडतो. 'आमच्याच दावणीला जन्मलं, मीच वाढवलंय' असं विकणाऱ्यानं सांगितलं की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. घरच्या दावणीचं जनावर खोड लपवत नाही. एवढं साधं शहाणपण डोक्यात घेऊन भागी निशोकाच्या मांडवात शिरली.

मांडवात धर्माकाका उभे होते. सापगावचेच, अनंताचे चुलत चुलते, वस्तीत शब्दाला वजन असलेला माणूस. ते टीव्हीभोवती बैलाभोवती फिरावं तसे फिरत होते, आणि अनंता माइक बाजूला ठेवून त्यांना जपान समजावून सांगत होता. काकांचं मन बरंचसं झालं होतं. भागीला राहवलं नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बैल विकणाऱ्याच्याच अभिमानानं सांगितलं:

"काका, बिनघोर घ्या. आपल्या मुरबाडचा हाय. मीच तपासलाय, माझ्या हातचा."

काका थबकले. त्यांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा भागीच्या हातांकडे. त्या हातांनी थापलेल्या गोवऱ्या त्यांनी पाहिल्या होत्या, त्या हातांची भाकरी त्यांनी खाल्ली होती. या हातांचा टीव्ही? ते अनंताला म्हणाले, "मंग जपान जपान काय करतंस रं?" आणि छत्री काखेत मारून मांडवाबाहेर पडले. मागे उभे असलेले आणखी चार जण त्यांच्या पाठोपाठ गेले. पिकतं तिथं विकत नाही हे भागीनं शंभरदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते तिच्या अंगावर आलं.

कंपनीचा विक्री साहेब मांडवातच होता. तो भागीला काही बोलला नाही, बोलला अनंताला, सगळ्यांदेखत, आणि असं बोलला की अनंताची मान घरी येईपर्यंत वर झाली नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्या बायांना उभं करून सांगण्यात आलं, की आपण काय काम करतो ते बाहेर कोणी बोलायचं नाही. भागीला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. चोरी केल्याबद्दल माणूस माफी मागतो. तिनं काम केल्याबद्दल मागितली. अनंता तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही.

आणि धर्माकाका? त्यांनी होळीच्या आधी शहापूरच्या दुकानातून टीव्ही आणला. निशोकाच. दुकानदारानं खोक्यावरची पंखेवाली बाई दाखवली, अनंतानं दुकानातला माल अस्सल जपानचा अशी ग्वाही दिली आणि काकांनी डोळे मिटून घेतला. म्हशाच्या जत्रेत जो नकोसा झाला तोच, त्याच शेडमधला, भागीच्याच टेबलावरून गेलेला. अनंतानं कौलांवर चढून अँटेना फिरवली. घरात नवी वस्तू आली म्हणून सुवासिनीनं हळद-कुंकू वाहायचं, तर काकूंनी भागीलाच बोलावलं. भागीनं आपल्याच टीव्हीला हळद-कुंकू वाहिलं. चित्र लख्ख आलं. काका वस्तीला सांगत सुटले, याला म्हणतात जपान.

मग वर्षं गेली. कारखान्याला बरे दिवस आले आणि गेलेही. चीनहून इतका स्वस्त माल यायला लागला की मालकांनी हिशेब केला, इथं बाया बसवून टीव्ही जुळवण्यापेक्षा तिकडून अख्खा आणून वर नाव चिकटवणं बरं. दोन हजार चार साली ओळ बंद झाली. रंगू डोळखांबला परत गेली आणि पुढच्या हंगामात वीटभट्टीवर. भागी घरी बसली. बोटं मात्र उगाच चाळा करायची, तांदूळ निवडताना सुद्धा खडा काढल्यावर ती तिथं दुसऱ्यांदा बोट टेकवायची.

अनंताचं मात्र बरं चाललं. भोंगा सोडून त्यानं शहापुरात निशोकाचंच दुकान टाकलं. आणि एक दिवस तो घरी आला तो तोंडभर हसत. म्हणाला, कंपनीनं जाहिरात बदलली. आता लोक चिनी मालाला नाकं मुरडतात, पेपरात येतं, चिनी वस्तू टिकत नाहीत म्हणून. जपानचं जुनं झालं. आता लोकांना आपलं पाहिजे. म्हणून मालकांनी नवी ओळ काढली होती: 'निशोका, आपल्या मातीतला, आपल्या माणसांनी घडवलेला.'

भागीनं विचारलं, कोणत्या माणसांनी?

तर तिच्याचसाठी तो आला होता. कंपनीला फोटो हवा होता, खऱ्या कामगार बाईचा. मुंबईची नटी चालणार नव्हती. बंद शेडचं कुलूप उघडलं, एक टेबल पुसलं आणि भागीला नऊवारी नेसवून, नाकात नथ घालून, हातात कथील लावायची कांडी देऊन बसवलं. कांडी गरम नव्हतीच, त्या शेडची वीज कधीच तोडली होती. भागीनं सांगितलं की कामावर आम्ही डगला घालायचो, नथ नाही. कॅमेरावाला म्हणाला, डगल्यात तुम्ही भारतीय वाटत नाही.

तिला नाही म्हणता आलं असतं. पण दुकान घरातलं होतं, पंकजचं कॉलेज त्या दुकानावर चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. दहा वर्षं मनात कुजत पडलेली एक हाव होती, तिनं डोकं वर काढलं होतं.

पौषात पुन्हा म्हसा. निशोकाच्या मांडवावर भागीचा फोटो, दोन पुरुष उंच. खाली टीव्हींची खोकी. त्यांच्या बुडाला चिनी अक्षरं होती, ती अनंतानं आदल्या दिवशी बसून आपल्या हातानं पट्ट्या चिकटवून झाकली होती. भागीला फोटोसारखीच नटवून मांडवाच्या तोंडाशी उभी केली. आणि अनंतानं माइक हातात घेतला. कबड्डीतला तो जुना आवाज निघाला, बैलबाजारापर्यंत पोचला:

"परदेशाचं कौतुक पुष्कळ झालं. ही बघा, ही सापगावची भागी. माझी बायको भागी. हिच्या हातानं हा टीव्ही घडलाय!"

भरल्या जत्रेत नवऱ्यानं नाव घेतलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, कोणीतरी शिट्टी मारली. भागीचा चेहरा तापला. खोटं आहे हे तिच्याइतकं तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही तिला आनंद झाला. आपल्याला आनंद झाला याची तिला पुढं जन्मभर लाज वाटायची होती, पण त्या क्षणी झाला.

गर्दीतून धर्माकाका पुढं आले. आता काठी टेकत चालायचे. मुलीला सासरी देण्यासाठी टीव्ही बघायला आले होते. त्यांनी फोटो बघितला, मग भागीला जवळून न्याहाळलं आणि विचारलं:

"खरंच तूच बनवतंस ना गो सूनबाई?"

भागीनं अनंताकडे बघितलं. तो माइक खाली धरून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांत दहा वर्षांपूर्वीची ती खाली गेलेली मान होती. एकदा खरं बोलून तिनं त्याला सगळ्यांदेखत उघडा पाडला होता. या खेपेला तिनं मान हलवली, होय म्हणून. काका म्हणाले, मग घेतो, घरची माणसं काय फसवणार नाहीत. बैलाच्या पाठीवर मारावी तशी खोक्यावर थाप मारली आणि घेतला. त्यांच्या मागोमाग सापगावच्या निम्म्या वस्तीनं घेतला. भागीचा टीव्ही म्हणूनच घेतला.

आखाड सरेपर्यंत पहिला बंद पडला. हवेत ओल आली आणि एकामागोमाग एक सगळेच आजारी पडायला लागले. कोणाचा पडदा हिरवा झाला, कोणाच्यात नुसता आवाज. अनंता दुकानात कंपनीचा निरोप सांगायचा, पार्ट यायला वेळ लागेल. लोक कंपनीकडे कशाला जातील? कंपनी कुठं आहे हे कोणाला माहीत होतं? भागी माहीत होती. ते तिच्या ओट्यावर यायचे, नळावर तिला गाठायचे. लग्नात मंडप कोसळला, मोटार अर्ध्या वाटेत अडली, तरी लोक हसून म्हणायला लागले, भागीचा टीव्ही झाला. जिचं नाव दहा वर्षं कोणी घेतलं नाही तिचं नाव आता शहापूर तालुक्यात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाला तरी कोणी नथ घालून फोटोत बसवत नाही.

गौरी-गणपतीच्या तोंडावर धर्माकाका आले. मुलीच्या सासरहून टीव्ही परत आला होता, तो त्यांनी गड्याच्या डोक्यावरून आणून भागीच्या ओट्यावर उतरवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, सासरची माणसं पोरीला बोलतात गो. आणि मग म्हणाले:

"माझा जपानचा बघ. दहा वर्सं झाली, एकदा उघडला नाय. तुझ्या हाताला ती सर नाय, सूनबाई. त्यात तुझा दोष नाय."

भागी उठली. तिनं कपाटातून जुना पेचकस काढला, आत बसलेल्या अनंताला म्हणाली, चला, आणि काकांच्याही पुढं चालत त्यांच्या घरी गेली. तिथं त्यांचा जुना निशोका फळीवर होता, वर विणलेला रुमाल घातलेला. तिनं वायर काढली, मागचे पेच सोडवले, झाकण बाजूला केलं. धुळीचा थर होता. तिनं तो पदरानं हळूच पुसला. पाटीवर लाल रंगाचा एक ठिपका दिसला आणि त्याच्या बाजूला दुसरा, बारीक.

ती म्हणाली, "ही तीट माझी हाय. हा मी केलेला. तुमी आज परत आणलेल्याचं झाकण काढून बघा, त्यात नाय मिळायची. तो चीनचा हाय. जपानचा कुठलाच नव्हता, काका. हा माझा हाय."

काकांनी चष्मा लावून वाकून बघितलं. दोन ठिपके. त्यांना त्यातलं काय कळणार? ते अनंताकडे वळले. अनंताच्या शब्दावर त्यांनी तेव्हा जपान मानला होता आणि आता भागी मानली होती. तिसऱ्यांदाही त्याचाच शब्द त्यांना हवा होता. त्यांनी विचारलं, "अनंता, तू सांग. हा कुणाचा?"

अनंता दारात उभा होता. काकांना चीन मान्य झाला की संध्याकाळपर्यंत वस्तीतले सगळे टीव्ही पैसे परत मागायला त्याच्या दुकानाच्या पायरीवर येणार होते. भागी त्याच्याकडे बघत होती. तिला आता भोंगा नको होता, जत्रा नको होती. या चार भिंतींत, या एका म्हाताऱ्यासमोर त्यानं एकदा खरं म्हणावं, एवढंच. ज्या गळ्यानं साऱ्या मुलखाला दोनदा फसवलं त्यातून एक खरा शब्द निघायला कितीसा वेळ लागतो?

अनंता खाकरला. "तो जपानचाच, काका," तो म्हणाला. "ते ठिपके कंपनीचे असत्यात."

काकांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर भागीबद्दल कीव होती. दुसऱ्याच्या कामाला आपलं म्हणू नये, एवढंच ते बोलले, तेही मायेनं, सुनेला सांगावं तसं.

भागीनं झाकण परत बसवलं. एकेक पेच आवळला, एकही ढिला सोडला नाही, वायर लावली आणि बटण दाबलं. चित्र लगेच आलं, हललं नाही, रंग फाटले नाहीत. ते बघून धर्माकाका खाटेवर टेकले आणि समाधानानं म्हणाले की काही म्हणा, जपान तो जपान.